अकरा जण आणि एक मोकळी फट

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या संघावर ‘अंगात दम नाही’ असा शिक्का बसला की तो पुसायला वर्षे लागतात. हा शिक्का बहुधा एकाच कारणाने बसतो. समोरचा संघ चेंडू हवेतून फेकण्याच्या भानगडीत न पडता तो काखेत धरून सरळ अंगावर धावत येतो, आणि अकरा धडधाकट पोरांना त्याला थांबवता येत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संघाने हे भोगले. २७ नोव्हेंबर २०२१ रोजी मिशिगन विद्यापीठाने त्यांना ४२-२७ असे हरवले आणि त्यात २९७ यार्ड निव्वळ धावून मिळवले. पुढच्याच वर्षी, २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर मिशिगन ४५-२३ असे जिंकले. त्यातही धावून मिळवलेले यार्ड २५२ होते. पहिल्या पराभवानंतर मिशिगनच्या आक्रमणाचे प्रशिक्षक जॉश गॅटिस यांनी ओहायो स्टेट हा नजाकतीने खेळणारा संघ आहे, कणखर नाही, असे जाहीरपणे सांगितले. २०२३ मध्ये लू होल्ट्झ या जुन्या नामवंत प्रशिक्षकांनी तोच सूर लावला. ते बोल ओहायो स्टेटचे मुख्य प्रशिक्षक रायन डे यांच्या इतके जिव्हारी लागले की त्या सप्टेंबरात नोटर डेमला १७-१४ असे हरवल्यावर मैदानावरच, कॅमेऱ्यांसमोर, त्यांनी होल्ट्झ यांचे नाव घेऊन उत्तर दिले. मला वाटते, दम नसण्याचे हे निदानच चुकले आहे. धावता हल्ला अडवता न येणे हे बहुतेक वेळा हिमतीपेक्षा हिशेबाचे अपयश असते, आणि ओहायो स्टेटचे ते दोन पराभव शेजारी ठेवून पाहिले तर हिशेब दोन्ही वेळा एकमेकांच्या अगदी उलट दिशांनी चुकला होता हे दिसते.

हा खेळ आपल्याकडच्या फुटबॉलपेक्षा वेगळा आहे, म्हणून थोडे समजून घ्यायला हवे. आक्रमण करणाऱ्या संघाला १० यार्ड, म्हणजे ३० फूट, पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात; सरकले की पुन्हा नवे चार. प्रत्येक प्रयत्नाच्या सुरुवातीला चेंडूजवळ पाच अवाढव्य लाइनमन ओळीने वाकून उभे असतात. त्यांच्या मागे असतो क्वार्टरबॅक. तो चेंडू दूरवर फेकतो किंवा शेजारच्या रनिंग बॅकच्या हाती देतो, आणि रनिंग बॅक त्या पाच जणांनी केलेल्या वाटेतून घुसतो. पाच माणसे ओळीत उभी राहिली की त्यांच्यामध्ये चार आणि दोन्ही टोकांना एकेक अशा सहा फटी तयार होतात. टोकाला आणखी एक धिप्पाड गडी उभा केला की सातवी. या फटींना तिथे गॅप म्हणतात. बचावाचे सगळे शास्त्र एका नियमावर उभे आहे. प्रत्येक गॅपला एक मालक हवा, आणि धाव कुठल्याही दिशेने जाताना दिसली तरी त्याने आपली गॅप सोडता कामा नये. कबड्डीत चढाईपटूला घेरताना साखळीतल्या एकाने उतावीळपणे झेप घेतली की बाकीच्या सहा जणांची ताकद वाया जाते, तसेच इथे होते. दहा जणांनी आपले काम चोख केले आणि अकरावा दोन पावले भलतीकडे गेला, तर धावणारा नेमका त्याच जागेतून निसटतो. फेकीच्या बचावात एकाची चूक दुसऱ्याला कधी कधी सावरून घेता येते, कारण चेंडू हवेत असेपर्यंत थोडा वेळ मिळतो. धावेच्या बचावात तेवढी सवड नसते.

आता माणसांची मोजदाद करू. दोन्हीकडे अकरा जण असतात. क्वार्टरबॅकने चेंडू दुसऱ्याच्या हाती दिला आणि तो नुसता बघत उभा राहिला, तर आक्रमणाकडे एक धावणारा आणि वाट मोकळी करणारे नऊ उरतात. बचावाकडे मात्र पूर्ण अकरा असतात. नऊ जणांनी नऊ अडवले तरी दोन सुटे राहतात, एक धावणाऱ्याला धरायला आणि एक मागे चुका सावरायला. त्या मागच्या माणसाला सेफ्टी म्हणतात आणि नावाप्रमाणेच त्याचे काम असते. पण क्वार्टरबॅक स्वतःच पळू शकत असेल तर हे गणित पालटते. तो चेंडू घेऊन धावला की रनिंग बॅकही वाट मोकळी करायला जातो. दहा जण दहांना अडवतात, आणि बचावाकडे एकच माणूस उरतो. जादाचा कोणी नाही. कॉलेजच्या खेळात गेल्या पंचवीसेक वर्षांत धावणारे क्वार्टरबॅक सर्वत्र दिसू लागले, याचे कारण एवढे साधे आहे. त्यात एक डाव आणखी आला. ओळीतला एखादा लाइनमन आपली जागा सोडून मागून पळत दुसऱ्या बाजूला जातो आणि तिथे धडक देतो. तो पोचतो तिथे एक नवीन गॅप जन्माला येते, जी क्षणापूर्वी अस्तित्वातच नव्हती आणि म्हणून जिचा मालक कोणी नाही. बचावाच्या मधल्या फळीतल्या, म्हणजे लाइनबॅकर म्हणवणाऱ्या खेळाडूंना हे डोळ्यांसमोर घडत असताना ओळखावे लागते आणि आपापसात जागा बदलाव्या लागतात. मिशिगनचा धावता खेळ या डावांवर फार अवलंबून होता, आणि त्यांची पाच जणांची ओळ एवढी एकजीव होती की देशातल्या सर्वोत्तम ओळीला मिळणारा जो मूर पुरस्कार त्यांनी २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षे पटकावला.

साहजिकच कोणीही विचारेल की पुढे आणखी माणसे का उभी करत नाहीत. उत्तर मैदानाच्या रुंदीत आहे. मैदान १६० फूट रुंद असते. कॉलेजच्या नियमांनुसार प्रत्येक प्रयत्न ज्या दोन खुणांच्या दरम्यान सुरू होतो त्या एकमेकींपासून ४० फुटांवर असतात. व्यावसायिक लीगमध्ये हे अंतर साडेअठरा फूट आहे. म्हणजे कॉलेजमध्ये चेंडू एका खुणेवर असला की एका बाजूला ६० फूट आणि दुसऱ्या बाजूला तब्बल १०० फूट मोकळी जागा पडते. त्या शंभर फुटांत तीन वेगवान झेल घेणारे उभे केले की बचावाला माणसे तिकडे पाठवावीच लागतात, आणि चेंडूजवळची गर्दी आपोआप पातळ होते. दुसरा नियमही आक्रमणाच्या बाजूने झुकतो. फेकीच्या डावात लाइनमन किती पुढे जाऊ शकतात याची मर्यादा व्यावसायिक खेळात एक यार्ड आहे, कॉलेजात तीन. त्यामुळे पाचही जण धाव असल्यासारखे अंगावर येतात, क्वार्टरबॅक एका लाइनबॅकरकडे बघत राहतो, तो धाव अडवायला पुढे सरकला तर त्याच्या मागे चेंडू फेकतो, जागीच थांबला तर चेंडू धावणाऱ्याला देतो. त्या बिचाऱ्या लाइनबॅकरने काहीही निवडले तरी चूकच ठरते. अशा आक्रमणांना तोंड देण्यासाठी गेल्या दशकभरात बहुतेक संघांनी एखादा जड लाइनबॅकर कमी करून त्याच्या जागी मागच्या फळीतला हलका, चपळ पाचवा बचावपटू घेतला. निर्णय शहाणपणाचाच होता, कारण बारापैकी दहा प्रतिस्पर्धी मैदानभर पसरून खेळतात. पण उरलेल्या दोघांशी गाठ पडली की त्या निर्णयाची किंमत मोजावी लागते.

ओहायो स्टेटने ती २०२१ मध्ये मोजली. खरे तर इशारा सप्टेंबरातच मिळाला होता. ११ सप्टेंबरला ओरेगॉनने त्यांच्याच मैदानावर २६९ यार्ड धावून त्यांना ३५-२८ असे हरवले होते, सी. जे. व्हर्डेल याने एकट्याने १६१ यार्ड काढले, त्यात एक धाव ७७ यार्डांची. त्यानंतर डे यांनी बचावाचे डाव ठरवण्याचे काम केरी कूम्ब्स यांच्याकडून काढून मॅट बार्न्स यांच्याकडे दिले. पुढचे काही आठवडे सगळे सुरळीत भासले, आणि इथे आकडे कसे फसवतात ते समजून घेण्यासारखे आहे. ओहायो स्टेटचे आक्रमण त्या मोसमात गुणांच्या सरासरीत देशात पहिले होते. सामना निम्म्यावर येण्याआधीच समोरचा संघ तीन-चार टचडाउननी (चेंडू समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेणे म्हणजे टचडाउन) मागे पडे, आणि मागे पडलेला संघ सावकाश धावत बसत नाही, तो भराभर फेकू लागतो. म्हणजे त्यांचा धावेचा बचाव चांगला दिसत होता, कारण त्याची परीक्षाच होत नव्हती. शिवाय कॉलेजच्या नोंदीत आणखी एक गोम आहे. क्वार्टरबॅक फेकायला मागे गेला आणि तिथेच पकडला गेला, तर गमावलेले यार्ड धावेच्या खात्यातून वजा होतात; व्यावसायिक लीगमध्ये ते फेकीच्या खात्यात जातात. त्यामुळे क्वार्टरबॅकवर चांगला दबाव आणणारा संघ धाव अडवण्यातही तरबेज असल्याचा भास होतो. नोव्हेंबरच्या अखेरीस मिशिगनशी गाठ पडली तेव्हा मात्र समोर घाईला न येणारा संघ होता. हसन हॅस्किन्स २८ वेळा धावला आणि १६९ यार्ड, पाच टचडाउन घेऊन गेला. सरासरी सहा यार्ड. चार प्रयत्नांत दहा यार्ड हवे असताना दर खेपेला सहा मिळत असतील तर फेकण्याचे कारणच उरत नाही. ओहायो स्टेटची पुढची फळी त्या दिवशी मागे ढकलली जात होती हे खरे आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ती एकटी पडली होती हेही तितकेच खरे. मागचे गडी फेकीच्या धास्तीने दूर उभे, ते धावणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत पाच-सहा यार्ड गेलेले.

कणखरपणाचे तत्त्वज्ञान सांगणारे यावर म्हणतात की पुढची फळी ढकलली गेली हाच तर पुरावा. याला उत्तर महिनाभरातच मिळाले. ३१ डिसेंबर २०२१ रोजी ऑरेंज बोल सामन्यात त्याच मिशिगनची, त्याच बक्षीसपात्र ओळीसह, जॉर्जियाशी गाठ पडली. जॉर्जियाने ३४-११ असा विजय मिळवला आणि मिशिगनला धावून शंभर यार्डही मिळवू दिले नाहीत. जॉर्जियाच्या बचावाच्या मध्यभागी जॉर्डन डेव्हिस होता, साडेसहा फूट उंच आणि दीडशे किलोंहून जड. पुढच्या वसंतात व्यावसायिक संघांच्या चाचणीत त्याने ४० यार्ड ४.७८ सेकंदांत पार केले. एवढ्या वजनाचा माणूस एवढा वेगवान असला की तो एका वेळी दोन गॅप सांभाळतो. त्याच्यावर दोघांना सोडावे लागते, म्हणजे बचावाला एक माणूस फुकट मिळतो आणि सेफ्टीला मागेच थांबता येते. जॉर्जियाच्या त्या बचावातले पाच जण व्यावसायिक संघांच्या पुढच्या निवड सोहळ्यात पहिल्याच फेरीत घेतले गेले. ती मुले ओहायो स्टेटच्या मुलांपेक्षा शूर होती असे म्हणायला आधार नाही. त्यांच्या मोजदादीत एक माणूस जास्त होता. आणि असा माणूस बाजारात सांगून मिळत नाही. वेगवान झेल घेणारी मुले अमेरिकेत पुष्कळ आहेत. दीडशे किलोंची, चपळ आणि अठराव्या वर्षी कॉलेजात येणारी मुले दर वर्षी मोजकीच निघतात, आणि त्यांच्यामागे सगळेच मोठे संघ लागलेले असतात.

२०२२ साठी डे यांनी ओक्लाहोमा स्टेटहून जिम नोल्स यांना बचावाची सूत्रे दिली. नोल्स हे चढाईखोर बचावासाठी ओळखले जात. मिशिगनविरुद्धच्या सामन्यात त्यांनी २०२१ ची चूक टाळली; माणसे पुढे आणली, चेंडूजवळ गर्दी केली. परिणाम बघा. मिशिगनचा मुख्य धावपटू ब्लेक कोरम जखमी असल्याने सामन्याच्या सुरुवातीलाच बाजूला झाला होता, आणि हाताला प्लास्टर घातलेला डोनोव्हन एडवर्ड्स त्याच्या जागी धावत होता. त्याची अखेरची नोंद २२ धावांत २१६ यार्ड अशी झाली. पण त्यातल्या दोन धावा ७५ आणि ८५ यार्डांच्या, दोन्ही शेवटच्या सत्रातल्या. त्या वगळल्या तर उरतात वीस धावांत ५६ यार्ड, म्हणजे तीन यार्डांची सरासरीही नाही. वीस वेळा ओहायो स्टेटने एडवर्ड्सला कोणत्याही मापाने उत्तम रोखले आणि दोन वेळा तो पार निसटला, कारण सगळे पुढे आले होते आणि पहिल्या रांगेतून तो सुटल्यावर मागे त्याला गाठायला कोणीच नव्हते. त्याच दिवशी मिशिगनने फेकून मिळवलेले टचडाउनही ६९, ७५ आणि ४५ यार्डांचे होते, त्याच कारणाने. म्हणजे आदल्या वर्षी पुढे माणसे कमी पडली, या वर्षी मागे. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत दोन्ही वेळा ‘धाव अडवता आली नाही’ एवढेच आले. पहिल्या वर्षाचे दुखणे उपचाराच्या अभावाचे होते, दुसऱ्या वर्षाचे उपचाराच्या अतिरेकाचे. दम दाखवण्याची ईर्ष्याच दुसऱ्या वेळी नडली, असे मला ठामपणे वाटते.

मग पकडी सुटतात त्याचे काय, असे कोणी म्हणेल. सुटतात, आणि चाहत्यांच्या डोळ्यांत तेवढेच भरते. पण सुटलेली पकड बहुधा आधीच्या चुकीचे टोक असते. धावणारा अरुंद जागेत, दोन्हीकडून माणसे दाटलेली असताना आला तर अर्धवट पकडही पुरते, कारण दुसरा येऊन पोचतो. तोच मोकळ्या मैदानात, पूर्ण वेगात, एकट्या सेफ्टीसमोर आला तर जगातला कुठलाही बचावपटू कित्येकदा हुकेल. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मिशिगनच्या एका कर्मचाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानाबाहेरच्या खुणा चोरण्याची यंत्रणा उभारल्याचे प्रकरण उघड झाले; त्या नोव्हेंबरात मुख्य प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना तीन सामन्यांपुरते बाहेर बसवले गेले. ओहायो स्टेटचे डाव आधीच ठाऊक होते म्हणून मिशिगन धावू शकले, असे तेव्हापासून अनेक जण मानतात. समोरचा बचाव काय करणार हे ठाऊक असण्याचा फायदा होतो, यात शंका नाही, आणि तो गैरप्रकार होता. तरी तो कर्मचारी गेल्यानंतरही मिशिगनने २०२३ मध्ये ओहायो स्टेटला ३०-२४ असे आणि २०२४ मध्ये १३-१० असे हरवले. त्या कथेने सगळे स्पष्ट होत नाही.

मला स्वतःला वयाचा आणि सरावाचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल फार कमी बोलले जाते. विद्यार्थी-खेळाडूंना आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त सराव करवून घेता येत नाही. त्यात फेकीचा बचाव, धावेचा बचाव, विशेष डाव, व्हिडिओ पाहणे सगळे आले. आणि सराव कोणाशी? आपल्याच आक्रमणाशी. ज्या संघाचे आक्रमण देशात सर्वोत्तम फेकणारे, त्याच्या बचावपटूंना रोज फेकच दिसते. मागून येऊन धडकणारा लाइनमन त्यांना वर्षातून दोनदा भेटतो. गॅप ओळखण्याची सवय पाठ करून येत नाही, ती शेकडो वेळा तीच गोष्ट बघून अंगात मुरावी लागते. शरीराचेही तसेच. अठरा वर्षांचा मुलगा कितीही नावाजलेला असला तरी बावीस वर्षांच्या, चार वर्षे वजने उचललेल्या लाइनमनसमोर तो पोरच असतो. २०२१ मध्ये ओहायो स्टेटकडे जॅक सॉयर, जे. टी. टुइमोलोआउ आणि टायलीक विल्यम्स हे तिघे पहिल्या वर्षाला होते. २०२४ मध्ये तेच तिघे चौथ्या वर्षाला, त्यांच्याच पुढच्या फळीत, आणि त्या मोसमात ओहायो स्टेटच्या बचावाने देशात सर्वांत कमी गुण दिले. तिघांपैकी कोणाच्या स्वभावात कणखरपणाची भर पडली ते कोण सांगणार. वय, वजन आणि पाहिलेल्या डावांची संख्या मात्र नक्कीच वाढली होती. आता खेळाडूंना एक वर्ष न थांबता दुसऱ्या विद्यापीठात जाता येते आणि नावावर पैसे कमावता येतात, त्यामुळे चार वर्षे एकत्र राहणारी फळी दुर्मीळ होत चालली आहे. धावेच्या बचावाला याची झळ सर्वांत जास्त बसेल, कारण तो एकमेकांच्या सवयी ठाऊक असण्यावर चालतो.

३० नोव्हेंबर २०२४ चा सामना या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मिशिगनने धावून १७२ यार्ड काढले, केलेल मलिंग्जने ३२ वेळा चेंडू घेऊन ११६, आणि ओहायो स्टेट पुन्हा हरले. लगेच जुना शिक्का परत आला. पण बचावाने दिले होते फक्त १३ गुण. हरवले ते आक्रमणाने. देशातले उत्कृष्ट झेल घेणारे हाताशी असताना ओहायो स्टेट वारंवार मधोमध धावत राहिले, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या मिशिगनच्या दोन महाकाय गड्यांच्या अंगावर, आणि अख्ख्या सामन्यात त्यांना धावून ७७ यार्ड मिळाले. चुकीच्या निदानाने रोग्याला असे वागायला लावले, हे माझे अनुमान आहे. पण त्या दुपारच्या डावांची निवड दुसऱ्या कशाने उलगडत नाही.

त्यानंतर सात आठवड्यांनी, २० जानेवारी २०२५ रोजी, ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेतेपदासाठी नोटर डेमशी खेळले. नोटर डेमचा पहिलाच हल्ला १८ डावांचा, ७५ यार्डांचा आणि जवळपास दहा मिनिटे चाललेला होता. त्यातल्या नऊ डावांत क्वार्टरबॅक रायली लेनर्ड स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि शेवटी टचडाउन करून आला. जादाचा माणूस नसणे म्हणजे काय, ते त्या दहा मिनिटांत उघडे पडले, आणि पडद्यासमोरच्या हजारो चाहत्यांना २०२१ आठवले असेल. पण लेनर्ड दमला, ओहायो स्टेटच्या आक्रमणाने आपल्या पहिल्या चारही संधींचे टचडाउन केले, आणि तिसऱ्या सत्रात फलक ३१-७ झाला. चोवीस गुणांनी मागे पडलेल्या संघाला दहा-दहा मिनिटे धावत बसणे परवडत नाही. नोटर डेमला फेकावे लागले. त्यांनी दोन टचडाउन फेकूनच केले, आणि सामना ३४-२३ असा संपला.